बेटावरची कपड्यांची दोरी

पाहुणे डोंग्यातून उतरले की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "वहिनी, इथं बघण्यासारखं काय काय आहे?" माझ्या तोंडाशी उत्तर येतं, "माझी कपडे वाळत घालायची दोरी." ते मी गिळते. पाणी दाखवते, पलीकडची सागाची रांग दाखवते, बंगल्याच्या दगडी कमानी दाखवते. पण या बेटावर मी जे काही शिकले, चुकले आणि ज्यातून थोडक्यात सुटले, ते सगळं त्या दोरीवरच घडलं.

बेट म्हटल्यावर तुमच्या डोळ्यांपुढं नारळाची झाडं आली असतील, तर ती आधी काढून टाका. आम्ही यवतमाळ जिल्ह्यातले. समुद्र आम्ही शाळेच्या नकाशात पाहिला, तोही निळा खडू संपला म्हणून अर्धाच रंगवलेला. आमचं बेट धरणातलं आहे. दारव्ह्याहून जीपनं नव्या बोरखडीला यायचं आणि तिथून डोंग्यानं पलीकडं. धरण झालं तेव्हा जुनी बोरखडी पाण्याखाली गेली, फक्त गावामागची टेकडी वर राहिली. टेकडीवर इंग्रजांच्या काळातला डाकबंगला आहे. दौऱ्यावरचे साहेब तिथं मुक्काम करायचे. साहेब गेले, गाव गेलं, बंगला मात्र ढिम्म हलला नाही. तो ग्रामपंचायतीनं आमच्या महिला बचत गटाला पाहुण्यांसाठी चालवायला दिला.

गटात आम्ही दहा जणी होतो. पहिल्या मोसमात एकीला पाण्याची भीती वाटायला लागली, एकीच्या सुनेचं बाळंतपण निघालं, एकीच्या नवऱ्याला दुसऱ्याच्या हातची भाजी जाईना. दिवाळीपर्यंत अध्यक्ष, सचिव, स्वयंपाकीण आणि धोबीण या चारही पदांवर माझी बिनविरोध निवड झाली होती.

लोकांना वाटतं, पाहुणे ठेवायचे म्हणजे दारात हसत उभं राहायचं. तसं मलाही वाटलं होतं. एक नवी साडीही घेतली होती त्यासाठी. प्रत्यक्षात हा धंदा बारा आणे धुण्याचा आहे. चादरी, अभ्रे, पंचे, पडदे, आणि शहरातली माणसं चिखलात पाय घालून ज्याला पुसतात ते सगळं. उरलेल्या चार आण्यांत स्वयंपाक, वटवाघळं आणि "इथं नेटवर्क कुठं मिळतं?" या प्रश्नाचं उत्तर. नेटवर्क मिळतं. मागच्या ओट्यावर पाट ठेवून त्यावर उभं राहिलं, फोन धरलेला हात वर केला आणि वारा पूर्वेचा असला की एक रेघ येते. बोलायला फोन कानाशी आणला की जाते.

शिवाय आमचं बेट बारमाही नाही. पावसाळ्यापासून होळीच्या आसपासपर्यंत ते बेट असतं, मग पाणी उतरतं आणि उन्हाळ्यात तिथं बकऱ्या चालत जातात. ही गोष्ट माझ्या पुतण्यानं नेटवर 'ऐतिहासिक बेटावर मुक्काम' असं टाकताना लिहिली नाही, आणि मीही वाचून पाहिलं नाही. भर मे महिन्यात पुण्याचं एक कुटुंब आलं. मुलांच्या अंगात नारिंगी फुगीर जाकिटं, वडिलांच्या डोक्याला टोपी. भेगाळलेल्या गाळातून चालत मी त्यांना वर आणलं. ते गृहस्थ चहूकडं बघून म्हणाले, "ताई, बेट कुठंय?"

"हे काय, तुम्ही त्याच्यावरच उभे आहात."

"आणि पाणी?"

"ते पावसाळ्यात येते."

बिचारे दोन दिवस राहिले. मुलांनी जाकिटं घालून बकरीच्या पिलांमागं धावून घेतलं. जाताना त्यांनी नेटवर लिहिलं, 'बेट नव्हतं, पण आमरस छान होता.' मला ती स्तुतीच वाटली.

आता दोरीकडं येते. फोन लागत नाही आणि डोंगा एकच, तोही नामदेवकाकांचा. नामदेवकाका म्हणजे नव्या बोरखडीतले भोई, वयानं माझ्या सासऱ्यांच्या बरोबरीचे, त्यामुळं मी त्यांची सून. ते पाहुण्यांना आणून सोडतात आणि पलीकडच्या काठाला जाळी टाकत बसतात. पलीकडून माणूस मुंगीएवढा दिसतो, हाक पोचत नाही, पण बंगल्यासमोरच्या दोरीवरची चादर चांगली दिसते. म्हणून आम्ही दोघांनी खुणा ठरवल्या. पांढरं कापड, म्हणजे सगळं ठीक. पिवळं, म्हणजे भाजी-दूध आणा. लाल, म्हणजे हातातलं टाका आणि निघा. लाल खुणेसाठी मी माझं एक जुनं लुगडं स्वयंपाकघरातल्या पेटीत ठेवलं होतं. दोन वर्षं हे इतकं सुरळीत चाललं की मला स्वतःची हुशारी मिरवावीशी वाटायची.

मग अमरावतीचं नवं जोडपं आलं. नवरीनं लग्नातला लाल शालू पाण्यात भिजवून फोटो काढले आणि शालू माझ्या दोरीवर टाकला. मी मागं भाकरी थापत होते. थोड्या वेळात धप्पदिशी आवाज आला आणि नामदेवकाका हातात कुऱ्हाड घेऊन व्हरांड्यात उभे.

"कोण हाये? कुठं हाये?"

नवरा-नवरी कांद्याची भजी खात होते. नवरीच्या हातातलं भजं खाली पडलं.

"काका, कुऱ्हाड कायले आणली?" मी विचारलं.

"मले का माहीत, वाघ हाये का चोर हाये? लाल दिसलं, आलो! अर्धी भाकर टाकून आलो."

मी त्यांना चार भजी दिली. शांत झाले. पण महिनाभरात नागपूरचं एक क्रिकेट मंडळ आलं. सगळ्यांचे सदरे लाल. पोहून आले आणि अख्खी टीम त्यांनी दोरीवर वाळत घातली. पलीकडून काकांना काय वाटलं असेल ते वाटलं असेल, ते या वेळी चार माणसं घेऊन आले. त्यानंतर मात्र त्यांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "सूनबाई, आता लाल दिसलं तं मी आधी जेवीन, मंग येईन."

ते गमतीनं म्हणाले, पण मला ते लागलं. खूण खोटी पडत गेली तर खऱ्या वेळी कोण धावेल? मी विचार केला आणि फार चातुर्यानं उपाय काढला: बेटावर लाल रंगच ठेवायचा नाही. पंचे पांढरे, पडदे पांढरे, पाहुण्यांना सूचना, 'लाल कपडे कृपया खोलीत वाळवावेत.' या सफाईच्या भरात पेटीतलं माझं लाल लुगडंही घरी गेलं. सासूबाई वाकळ शिवायला बसल्या होत्या, त्यांना अस्तर हवं होतं.

"हे लागत नाई नं तुले?" त्यांनी विचारलं.

"कायले लागते, आत्याबाई? घ्या."

खुणेचं कापड द्यायला नको होतं, हे मला तेव्हा कळायला हवं होतं. दुसरं काहीतरी लाल आणून ठेवू, असं मी मनात म्हटलं होतं खरं. पण कुणी ओरडत नव्हतं, डोंगा वेळेवर येत होता, आणि काकांची भाकर अर्धी राहत नव्हती. माझ्या लेखी काम फत्ते झालं होतं.

मागच्या वर्षी पावसाळा सरल्यावर, धरण तुडुंब असताना, दोन बायका आल्या. केतकी म्हणून पुण्याची एक चाळिशीतली बाई, आणि तिच्या सासूबाई यशोदामावशी, पंच्याहत्तरीच्या पुढच्या, पांढरं पातळ, हातात काठी. डोंग्यातून उतरल्या उतरल्या मावशी वाकल्या आणि त्यांनी जमिनीला हात लावला. मी म्हटलं, "जपून मावशी, निसरडं आहे." त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "जय भीम, बाई. मी बोरखडीचीच आहे. जुन्या."

केतकीला नेटवर बोरखडीचं नाव दिसलं होतं. मावशी लग्न होऊन गेल्या त्या परत आल्या नाहीत, आणि नंतर गावच राहिलं नाही. आता त्यांना एकच गोष्ट बघायची होती. टेकडीच्या मागच्या उतारावर आमच्या वस्तीची जुनी विहीर आहे. गावातल्या विहिरीवर पाणी भरू देत नव्हते, म्हणून वस्तीतल्या माणसांनी खडक फोडून स्वतःची खणली होती. बौद्ध झाल्यावर दुसऱ्याच्या दारात घागर घेऊन उभं राहायचं नाही, असं ठरवून. खणणाऱ्यांत मावशींचे वडील होते. "मी एवढीशी होते," त्या म्हणाल्या, "माती उचलायला टोपलं मलाही दिलं होतं. लहान टोपलं."

ती विहीर मला माहीत होती. माझ्या घरातल्या माणसांनीही ती खणली असणार. पण पाहुण्यांना दाखवायच्या यादीत मी ती कधी घेतली नव्हती. पाहुणे बंगल्याचा फोटो काढतात, म्हणून गवत मी बंगल्यासमोरचं कापत होते. मागचं गवत कमरेएवढं वाढलं होतं. मी म्हटलं, "मावशी, उद्या गवत काढते, मग जाऊ." त्या हो म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचे हे दारव्ह्याच्या बाजाराला गेले. मी धुणं केलं, दोरीवर आठ चादरी घातल्या आणि विळा शोधायला लागले. तेवढ्यात मागून केतकीची किंचाळी आली.

मावशी थांबल्या नव्हत्या. साठ वर्षं थांबलेल्या बाईला मी आणखी एक सकाळ थांबायला सांगत होते! विहिरीपासून हातभर अंतरावर त्या बसल्या होत्या. घोट्याच्या वर दोन थेंब रक्त. साप गवतात शिरताना केतकीनं पाहिला होता: जाड, अंगावर साखळीसारखे ठिपके. घोणस.

मला दोन गोष्टी माहीत होत्या. आमच्या आशाताईनं बैठकीत बजावल्या होत्या: चावलेल्या माणसाला चालू द्यायचं नाही, आणि दवाखान्याशिवाय दुसरीकडं कुठंही न्यायचं नाही. दवाखाना पाण्यापलीकडं, डोंगाही पाण्यापलीकडं.

"फोन करा ना!" केतकी म्हणाली. मी पाटावर चढले, हात वर केला. रेघ नाही. वारा उलटा होता, काठाकडून आमच्याकडं येणारा, म्हणजे ओरडूनही उपयोग नव्हता. धूर करावा तर आमच्या चुलीचा धूर रोजच निघतो.

"लाल कापड हवं," मी म्हटलं आणि पेटीकडं धावले. पेटी उघडल्यावर आठवलं. लुगडं वाकळीत गेलं होतं.

"केतकीताई, तुमच्याकडं काही लाल आहे का? ओढणी, परकर, काहीही!"

तिनं बॅग उलटी केली. काळं, करडं, काळं, निळसर करडं. पुण्यात रंगांना बंदी आहे की काय, असं त्या घाईतही माझ्या मनात आलं. मावशींचं पातळ पांढरं. माझ्या अंगावर हिरवं. मी स्वतः, माझ्या स्वतःच्या शहाणपणानं, या बेटावरून लाल रंग हाकलून दिला होता.

मग मी जे केलं ते सांगायला लाज वाटते. मी एक उशीचा अभ्रा घेतला आणि तिखटाच्या डब्यात पाणी ओतून त्यात बुडवला. बाहेर काढला तर पिवळसर नारिंगी. डोळे झोंबायला लागले. हे जर दोरीवर टाकलं तर पलीकडून काका पिवळं वाचणार, आणि वांगी आणायला गावात जाणार. अभ्रा मी फेकून दिला आणि तिखटाच्या हातानं डोळे पुसले. त्यानंतर मला आंधळ्यासारखंच वावरावं लागलं.

"आधी त्यांना खाली नेऊ," केतकी म्हणाली. ती रडत होती, पण तिचं डोकं माझ्यापेक्षा ठिकाणावर होतं. मावशींना उचलायला झोळी हवी होती. मी दोरीवरच्या आठही चादरी ओढून काढल्या. दोन दुहेरी करून झोळी केली, दोन त्यांच्या अंगाखाली, एक पायाखाली, बाकीच्या कशाला काढल्या ते मला आजही सांगता येत नाही. हाताला लागल्या म्हणून काढल्या. आम्ही दोघींनी त्यांना एकेक पायरी करत पाण्यापर्यंत आणलं. पाय सुजायला लागला होता.

काठावर बसून मी पलीकडं बघत होते. दिसत तर काहीच नव्हतं, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. मावशींनी माझा हात धरला.

"रडून राह्यली काहून वं?" त्या म्हणाल्या. पुण्यात इतकी वर्षं 'मला-तुला' बोललेली बाई एकदम आमच्या बोलीत आली.

"तिखट गेलं डोळ्यात," मी म्हटलं. खरंच होतं ते. निम्मं.

"म्या विहीर पाह्यली," त्या म्हणाल्या. "पाणी हाये अजून तिच्यात."

आणि तेव्हाच मला वल्ह्याचा आवाज आला. आधी वाटलं भास असेल. मग काकांचा आवाज आला, लांबूनच, "सूनबाई! काय झालं वं?"

त्यांनी मावशींचा पाय पाहिला आणि वल्हं खाली टाकलं. झोळीसकट त्यांना डोंग्यात घेतलं. मीही बसले, केतकी बसली. अर्ध्या पाण्यात आल्यावर मी विचारलं.

"काका, तुम्ही आले कसे? लाल तं नव्हतंच."

"दोरी रिकामी दिसली," काका वल्हं मारतच म्हणाले. "सात वर्सं झाली, तुही दोरी सकाळची म्या कधी रिकामी पाह्यली नाई. भर उन्हाचं धुणं ओलं असतानी कोण काढते? म्हटलं, या बाईले काहीतरी झालं." मग पुढं, "नाईतं कपडे चोरीले गेले. तसंई यावंच लागलं असतं."

"जेवले नाही ना?"

"अर्धी भाकर राह्यली," ते म्हणाले. "लाल दिसलं असतं तं पुरी खाऊन आलो असतो."

मी डोंग्यात मोठ्यानं हसले. केतकी माझ्याकडं बघतच राहिली. मावशीही हसल्या, ओठ पांढरे पडले होते तरी.

काठाला पोचल्यावर काकांनी फोन केला आणि जीप आली. तालुक्याच्या दवाखान्यात सापाचं इंजेक्शन होतं, डॉक्टर जागेवर होते, आणि तिथून पुढं त्यांना यवतमाळला नेलं. तीन दिवस मी दवाखान्याच्या बाकावर बसून होते. केतकीनं दोनदा सांगितलं, तुम्ही जा, तुमचं बेट उघडं आहे. मी म्हटलं, बेट कुठं पळून जात नाही, पळालं तर मे महिन्यातच पळेल. चौथ्या दिवशी मावशींनी भाकरी मागितली. रुग्णालयाची पोळी खाऊन म्हणाल्या, "ही तर पुण्याहूनही वाईट." तेव्हा मी बाहेर व्हरांड्यात गेले आणि भिंतीला पाठ लावून खाली बसले. डोळ्यांत तिखट नव्हतं, तरी पाणी आलंच. इतकं हलकं मला लेकीचा पहिला निकाल लागला तेव्हाही वाटलं नव्हतं.

आता विहिरीपर्यंतचं गवत मी दर पंधरवड्याला काढते, आणि पाहुण्यांना आधी विहीर दाखवते, मग कमानी. बेटाच्या काठाला एक जादा डोंगा बांधलेला असतो. सासूबाईंना मी म्हटलं, वाकळ उसवून माझं लुगडं द्या. त्या म्हणाल्या, "वाकळ उसवाले मी काय येडी हाये?" आणि बाजारातून नवं लाल कापड आणून दिलं. ते पेटीत आहे. मावशींनी पुण्याहून एक लाल शालही पाठवली. तीही पेटीत आहे. एका बेटाला दोन लाल कापडं म्हणजे चैनच झाली.

पण काकांनी नवी खूण स्वतः ठरवली आणि मला तिच्यातून सूट नाही. दोरी रिकामी दिसली की ते निघतात, विचारत नाहीत. मागं एकदा ढग आले म्हणून मी सगळं धुणं घाईनं आत घेतलं, तर काका भाकर फडक्यात बांधून घेऊनच आले. "इथंच जेवतो," म्हणाले, "रोज अर्धी भाकर टाकाले परवडत नाई."

वाळलेलं कापड दोरीवर ठेवायचं नाही, ही माझ्या आईची शिस्त. सगळं आयुष्य मी ती पाळली. आता मात्र चादरी घडी करून झाल्या की एक छोटा रुमाल मी मुद्दाम मागं ठेवते, चिमटा लावून. परवाच एका पाहुणीनं तो हाताला लावून पाहिला. "वहिनी, हा तर केव्हाचा वाळलाय. काढून देऊ?"

"राहू द्या," मी म्हटलं. "तो वाळायला नाही टाकलेला."